टूनाचे डबे घाऊक घेताना: भाव डब्याचा नव्हे, निथळलेल्या किलोचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात चौघे, आठवड्याला साधारण १५ डबे टूना संपतो, सुटे डबे आणणं महाग पडतं; तर घाऊकात सगळ्यात स्वस्त डबा कुठला, एकदम किती घ्यावेत, आणि तो पावणेदोन किलोचा मोठा डबा परवडतो का?

यातला 'सगळ्यात स्वस्त डबा' आधी बाजूला ठेवू, कारण डबा हे मापच नाही. एक डबा १४२ ग्रॅमचा, दुसरा १७०चा, तिसरा १८५चा, आणि प्रत्येकात पाण्याचा किंवा तेलाचा वाटा वेगळा. तुम्हाला शोधायचं आहे ते हे, की पोटात जाणाऱ्या एक किलो माशाला किती पैसे पडतात, आणि तो मासा तुम्ही जे करून खाता त्याला चालतो का. नेमका ब्रँड मी सांगणार नाही. तो तुमच्या भागात काय मिळतं, वाहतूक किती पडते, घरात जागा आणि फ्रीजर किती, यावर ठरेल. हिशेब मात्र सगळीकडे सारखाच.

लेबलवर बहुतेक वेळा दोन वजनं असतात. निव्वळ वजनात पाणी-तेल सगळं आलं. निथळलेलं वजन म्हणजे द्रव काढल्यावर उरतो तो मासा. भाव कायम दुसऱ्याने भागायचा. उदाहरणापुरते आकडे घेऊ, चलन कुठलंही समजा. पहिला डबा १८५ ग्रॅमचा, निथळून १३०, भाव १००. म्हणजे किलोला सुमारे ७६९. दुसरा डबा १७० ग्रॅमचा, निथळून १०५, भाव ९०. फळीवर तो दहा टक्के स्वस्त दिसतो, पण किलोला पडतो ८५७, म्हणजे अकरा टक्के महाग. घाऊक विक्रेते खोक्याचा भाव सांगतात तेव्हा हा फरक आणखी लपतो, कारण एका खोक्यात ४८ डबे, दुसऱ्यात २४, तिसऱ्यात १२. म्हणून कुठलंही कोटेशन आलं की पहिलं काम: डब्यांची संख्या गुणिले निथळलेलं वजन, आणि त्याने कर-वाहतुकीसह एकूण रकमेला भागायचं.

निथळलेलं वजन छापलेलं नसेल, किंवा छापलेल्यावर भरवसा नसेल, तर घरच्या वजनकाट्यावर मोजता येतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकातली पद्धत सोपी आहे: डबा किमान १२ तास २० ते ३० अंश तापमानात ठेवायचा, आधी वजन केलेल्या २.८ मिलिमीटर भोकांच्या चाळणीत मासा पसरायचा, चाळणी १७ ते २० अंश तिरकी करून दोन मिनिटं निथळू द्यायचं आणि पुन्हा वजन करायचं. स्वयंपाकघरातली बारीक गाळणी आपल्या कामाला पुरते. चमच्याने दाबायचं नाही, आणि डबा थेट फ्रीजमधून काढून मोजायचा नाही. थंड तेल घट्ट होऊन माशाला चिकटतं आणि वजन फुगतं. एका डब्यावर निर्णय घेऊ नका. भरताना डब्याडब्यात थोडा फरक पडतोच, म्हणून तीन डब्यांची सरासरी घ्या.

इथे एक खाच आहे. घटकांची यादी वाचा. काही डब्यांत मासा, पाणी आणि मीठ एवढंच असतं. काहींत भाज्यांचा रस्सा किंवा सोयाबीनचं प्रथिन असतं, आणि अशा द्रवामुळे मासा पाणी धरून ठेवतो. तो डबा निथळून भरपूर वजन दाखवेल, पण मासा मुठीत दाबलात की पाणी वाहू लागेल. म्हणून दोन डब्यांची तुलना करताना निथळलेलं वजन घेतल्यावर मी दोन्ही मासे सारख्याच जोराने दाबून पुन्हा वजन करतो. ही अधिकृत पद्धत नाही, पण कोणी पाणी विकतंय ते लगेच कळतं. घरात कुणाला सोयाची ॲलर्जी असेल तर यादी वाचणं तसंही भाग आहे.

आता मासा कुठल्या रूपात घ्यायचा. सॉलिड, चंक आणि फ्लेक हे शब्द निव्वळ जाहिरातीचे नाहीत. कोडेक्सप्रमाणे सॉलिडमध्ये आडवे कापलेले मोठे तुकडे लागतात आणि सुट्या चुऱ्याचं प्रमाण निथळलेल्या वजनाच्या १८ टक्क्यांपर्यंतच चालतं. चंकमध्ये बहुतेक तुकडे सर्व बाजूंनी किमान १.२ सेंटिमीटरचे हवेत, त्याहून लहान तुकडे ३० टक्क्यांच्या आत. त्यापुढे लहान तुकड्यांचं प्रमाण वाढलं की तो फ्लेक. तुम्ही टूना मेयोनीजमध्ये कालवणार, सँडविचमध्ये भरणार किंवा टिक्क्या करणार असाल, तर सॉलिडला जादा पैसे देऊन तो काट्याने मोडण्यात काही अर्थ नाही. फ्लेक किंवा चंक घ्या. सॅलडवर तुकडे दिसायला हवे असतील तरच सॉलिड. फ्लेकमध्ये एक पथ्य: स्वस्त मालात गडद रंगाचं, रक्ताळ मांस जास्त येऊ शकतं. ते खायला चालतं, पण चव उग्र असते. हे लेबलवरून कळत नाही, डबा उघडूनच पाहावं लागतं.

जातीने भाव आणखी बदलतो. डब्यातला बहुतेक 'लाइट' टूना स्किपजॅकचा असतो. हा लहान, लवकर वाढणारा मासा, म्हणून स्वस्त. 'व्हाइट' लिहिलेला बहुधा अल्बाकोर. मांस पांढरं, घट्ट, भाव चढा. यलोफिन साधारण या दोहोंच्या मधे. रोजच्या खाण्याला स्किपजॅक घ्या. कारण फक्त पैशाचं नाही, पाऱ्याचंही आहे, आणि तुमच्या बाबतीत हा मुद्दा ऑर्डरच्या आकड्यावरच परिणाम करतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मोजमापात डबाबंद लाइट टूनात पारा सरासरी ०.१२६ पीपीएम (म्हणजे ग्रॅममागे तेवढे मायक्रोग्रॅम) आणि डबाबंद अल्बाकोरमध्ये ०.३५० पीपीएम आढळला, म्हणजे जवळजवळ तिप्पट. तिथल्या पर्यावरण संस्थेची मिथाइल पाऱ्याची (माशात साठणाऱ्या पाऱ्याच्या विषारी रूपाची) मर्यादा दर किलो शरीरवजनाला रोज ०.१ मायक्रोग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला आठवड्याचे झाले ४२ मायक्रोग्रॅम. त्यात लाइट टूना बसतो ३३३ ग्रॅम, अल्बाकोर फक्त १२० ग्रॅम. तुमचे १५ डबे म्हणजे, डब्यामागे १३० ग्रॅम धरले तर, माणशी आठवड्याला ४८७ ग्रॅम. संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांच्या तज्ज्ञ समितीची मर्यादा याहून सैल आहे, आठवड्याला किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, तिच्यात लाइट टूना साधारण ७६० ग्रॅमपर्यंत बसतो. तुम्ही या दोन मर्यादांच्या मधे आहात. सगळे धडधाकट प्रौढ असाल तर घाबरण्यासारखं काही नाही. पण लहान मुलं असतील, कुणी गरोदर असेल, मूल होऊ द्यायचा विचार असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर त्यांच्यासाठी आठवड्याला लाइट टूनाचे ११३ ग्रॅमचे दोन-तीन वाटेच धरा (मुलांचे वाटे वयानुसार आणखी लहान), आणि अल्बाकोर एकच. माझा सल्ला असा: आठवड्याला १० डब्यांवर या. माणशी ३२५ ग्रॅम होतात आणि कडक मर्यादेतही बसता. उरलेल्या दिवशी सार्डिनचे डबे घ्या. लहान मासा, पारा फार कमी, आणि घाऊकात घ्यायची रीत हीच.

पाणी, मिठाचं पाणी की तेल? तेल तुम्ही पदार्थात वापरणार असाल तर त्याचे पैसे वसूल होतात. निथळून फेकणार असाल तर फेकायच्या वस्तूचे पैसे देताय. शिवाय मासा तेल शोषतो, त्यामुळे निथळलेल्या वजनात थोडं तेलही असतं आणि तेवढ्याच माशात उष्मांक पाण्यातल्यापेक्षा दीडपटीहून जास्त पडतात. स्वस्त डब्यातलं 'वनस्पती तेल' चवीला काही भर घालत नाही. माझी पसंती पाण्यातल्याला.

'डॉल्फिन-सेफ', म्हणजे मासे पकडताना डॉल्फिन मारले नाहीत, अशा शिक्क्यासाठी जादा पैसे मोजू नका. जाळ्यात डॉल्फिन मरण्याचा वाद मुख्यतः पूर्व पॅसिफिकमध्ये डॉल्फिनांसोबत फिरणाऱ्या यलोफिनच्या थव्यांचा होता. स्किपजॅकवर हा शिक्का असला तरी त्यातून फारसं वेगळं काही कळत नाही. गळाने एकेक पकडलेला मासा किंवा मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र, यांना मात्र खरोखर खर्च येतो. तो द्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

मग मोठा डबा. समजा १.७ किलोचा, निथळून १.२ किलो, भाव ८४०. किलोला ७००. लहान डब्याच्या ७६९शी ताडून पाहिलं तर नऊ टक्के वाचले. पण हे पूर्ण संपवलात तरच. ८४०ला ७६९ने भागा: १.०९२ किलो. म्हणजे १०८ ग्रॅमपेक्षा जास्त फेकलात की फायदा गेला. उघडलेला टूना फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. १५ डब्यांच्या गतीने चार दिवसांत तुम्ही १,११४ ग्रॅम खाल. ८६ उरतील, बचत दोन टक्के. १० डब्यांच्या गतीने चार दिवसांत ७४३ ग्रॅम संपतील आणि साडेचारशे टाकावे लागतील. तेव्हा किलोला ११३०. म्हणून मोठा डबा घ्यायचा तर उघडल्या उघडल्या अर्धा फ्रीजरमध्ये जायला हवा. निथळून, १५०-२०० ग्रॅमच्या पिशव्यांत, हवा दाबून काढून, वर तारीख लिहून. दोन-तीन महिन्यांत वापरा. फ्रीजरमधून काढलेला मासा थोडा कोरडा लागतो. कालवून किंवा शिजवून केलेल्या पदार्थात जाणवत नाही, सॅलडवर जाणवतो. मेयोनीज घालून गोठवू नका, ते फाटतं. फ्रीजरमध्ये जागा नसेल तर मोठा डबा विसरा.

उघडलेल्या टूनाबद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्या. हा मासा ऊबेत राहिला की त्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं, आणि ते पुन्हा शिजवून जात नाही. जिभेला मिरीसारखी चुरचूर लागली तर घास गिळू नका, डबा टाका. मोठा डबा ओट्यावर ठेवून दिवसभर त्यातून घेत राहणं ही नेमकी चुकीची रीत. उघडा, उथळ काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यांत काढा आणि पाच अंशांच्या खाली ठेवा.

किती घ्यायचे, याचं माझं गणित तीन महिन्यांचं आहे. आठवड्याला १० डबे, १३ आठवडे, म्हणजे १३०. ४८ डब्यांचे तीन खोके घेतले की १४४. डबे तर तीन ते पाच वर्षं टिकतात, मग वर्षाचा माल का नको? कारण एका टप्प्यानंतर भाव फारसा उतरत नाही आणि पैसे, जागा, कंटाळा हे तिन्ही वाढतात. सुट्या डब्याहून पूर्ण खोक्यावर चांगली सूट मिळते; एका खोक्यावरून तीनवर थोडी आणखी; तीनवरून दहावर विक्रेत्यानुसार काहीच नाही किंवा नाममात्र. पुढची मोठी पायरी येते ती पूर्ण पॅलेटला (लाकडी चौकटीवर रचलेल्या खोक्यांच्या अख्ख्या थप्पीला), आणि ती चार जणांच्या घराची नव्हे. १८५ ग्रॅमच्या ४८ डब्यांच्या एका खोक्याचं वजन साडेदहा-अकरा किलो भरतं, तेव्हा घरपोच वाहतूक वजनावर लागत असेल तर तो खर्च किलोच्या भावात धरायला विसरू नका. ऑनलाइन भाव पुष्कळदा इथेच हरतो.

हंगाम बघून खरेदी करावी का? डब्याच्या भावाचं मूळ गोठवलेल्या स्किपजॅकच्या भावात आहे, आणि त्याचा मापदंड म्हणजे बँकॉकचा बाजार, कारण जगातली सर्वात मोठी टूना डबाबंदी थायलंडमध्ये आहे. मध्य व पश्चिम पॅसिफिकमध्ये जुलैपासून काही आठवडे मासे गोळा व्हावेत म्हणून सोडलेल्या तरंगत्या साधनांभोवती जाळी टाकायला बंदी असते, त्या सुमारास कच्चा भाव हलतो. पण तो फळीवर पोचायला काही महिने जातात आणि मधे प्रत्येक जण आपला साठा सांभाळून भाव लावतो. तीन खोके घेणाऱ्याने यात डोकं घालू नये.

त्यापेक्षा खरी स्वस्ताई तारीख जवळ आलेल्या, लेबल बदललेल्या किंवा उरलेल्या मालात असते. तिथे एकच गणित: तारखेपर्यंत उरलेले आठवडे गुणिले १० डबे. त्याहून एकही डबा जास्त नको, भाव कितीही पडलेला असो. 'बेस्ट बिफोर' ही दर्जाची तारीख असते, डबा नीट असेल तर दुसऱ्या दिवशी तो विषारी होत नाही. पण त्या आधारावर पन्नास डबे साठवायचे नसतात. नेहमीच्या, पूर्ण भावाच्या मालाला मात्र एकूण मुदतीपैकी किमान दोन तृतीयांश शिल्लक हवी, आणि हे ऑर्डर देतानाच लिहून घ्या. पाउच घेत असाल तर मुदत डब्याहून कमी असते, तारखेकडे जास्त लक्ष द्या.

ठोकलेल्या, पोचे पडलेल्या डब्यांचा सौदा घेताना पोचा कुठे आहे ते पाहा. अंगावरचा उथळ, गोलसर पोचा चालतो. झाकण आणि अंग जिथे दुमडून जोडलेलं असतं त्या कडेवरचा पोचा चालत नाही. तिथलं सील सूक्ष्म सुटलं तरी आत जंतू शिरतात. ओढून उघडायच्या झाकणांवर कोरलेली रेघ मुळातच नाजूक असते, तिच्याजवळचा घावही नको. बोटाला टोचेल इतका टोकदार पोचा, पुसून न जाणारा गंज, चिकट ओघळ, फुगलेलं किंवा दाबल्यावर टुकटुक वाजणारं झाकण, यांतलं काही असेल तर डबा थेट बाद. फुगलेला डबा उघडून वास घेऊ नका. बोटुलिझमचं (हवाबंद डब्यात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचं) विष वासाने कळत नाही.

विक्रेता निवडताना कॅश-अँड-कॅरी (रोख देऊन घाऊक माल स्वतः न्यायचं) दुकान, हॉटेल-कॅन्टीनना माल पुरवणारा वितरक आणि एक ऑनलाइन दुकान, अशा तिघांकडून एकाच मापाच्या, एकाच जातीच्या डब्याचा भाव घ्या. वितरक पुष्कळदा छोट्या गिऱ्हाइकाला उभं करत नाही. शेजारच्या दोन-तीन घरांना जोडून एकत्र ऑर्डर दिलीत तर बोलणी होतात. भाव पाडून मागण्याआधी इतर गोष्टी मागा: सगळे खोके एकाच बॅचचे, खराब डबे बदलून मिळतील, पोच कोण करणार. एक बॅच का? नमुना तपासला तर तो सगळ्या मालाला लागू पडावा म्हणून. मिश्र बॅचमध्ये तुमचे तीन डबे काहीच सिद्ध करत नाहीत. आणि पहिल्यांदा एकच खोका घ्या. तो संपत आला, घरातल्यांना चव पटली, वजन बरोबर भरलं, की मग पुढचे तीन.

माल आला की सही करण्याआधी खोक्याचा तळ पाहा. ओला किंवा तेलकट डाग म्हणजे आत एखादा डबा गळतोय, आणि त्याच्या खाऱ्या पाण्याने शेजारचेही गंजायला लागलेले असतील. डब्यांवरचा बॅच क्रमांक आणि तारीख खोक्यावरच्याशी जुळवा. वेगवेगळ्या खोक्यांतले दोन-तीन डबे उघडून वजन करा, वास घ्या, तुकडा मोडून पाहा. मांसात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं दिसली तर मासा डब्यात जाण्याआधीच खराब झालेला होता; चव पाहू नका. काचेसारखे पारदर्शक खडे निघाले तर घाबरू नका, पण खात्री करा: ते बहुधा स्ट्रुव्हाइट असतं, माशातल्याच क्षारांचे स्फटिक. कोमट व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात काही मिनिटं ठेवा. विरघळले तर स्ट्रुव्हाइट, नाही विरघळले तर काच समजून ती सगळी बॅच बाजूला ठेवा. काहीही गैर आढळलं तर डबा, कोड आणि खोका एका फोटोत येतील असे फोटो काढून त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवा. आठवड्याने केलेली तक्रार कुणी ऐकत नाही.

साठवण सोपी आहे. जमिनीपासून चार बोटं वर, भिंतीला न टेकवता, कोरड्या आणि शक्यतो २५ अंशांखालच्या जागी. गॅसच्या शेगडीवरचं कपाट आणि ओलसर तळघर दोन्ही नकोत. तळघरात डब्यांना घाम सुटतो आणि कडांना गंज धरतो. खोक्याच्या बाहेर जाड मार्करने तारीख लिहा, नवा खोका मागे आणि जुना पुढे.